ड्रम परत नेण्याबाबत

विषय : ओल्या कचऱ्याचे घरीच खत करण्यासाठी दिलेला निळा ड्रम (झाकणासह) परत नेणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने समक्ष दाखल केलेला अर्ज.

१

उपरोक्त विषयी प्रथम नमूद करण्याची बाब अशी, की अर्जदार आनंदराज हणमंते यांचे डोके ठिकाणावर आहे. ते दारू पीत नाहीत, तंबाखू खात नाहीत, भूत-भानामती मानत नाहीत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा उतरवून ठेवला, त्यानंतर त्या घरात कुणाला नैवेद्य दाखवला गेला नाही. आनंदराज एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागले आणि वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे उभ्या नोकरीत त्यांनी एक विशेषण कमावले. पुस्तके मात्र कपाटभर वाचली. आता नांदेडच्या यशोधरानगरात, मागे चिंचोळे अंगण असलेल्या दोन खोल्यांच्या घरात, ते आणि चांगुणाबाई असे दोघेच राहत होते. मुलगी लुंबिनी पुण्याला बँकेत.

ड्रम आला तो थंडीच्या सुरुवातीला. 'स्वच्छ वसाहत कक्ष' नावाच्या कार्यालयाने गल्लीतली कचराकुंडी उचलून नेली आणि तिच्या बदल्यात घरटी एक निळा ड्रम दिला. बाजूने भोके, वर घट्ट झाकण, खाली खत काढायला वीतभर दार. पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलेले : 'शासकीय मालमत्ता. परस्पर विल्हेवाट लावू नये.' ज्या वस्तूचे कामच विल्हेवाट लावण्याचे, तिच्यावरचे हे वाक्य वाचून आनंदराज मनापासून हसले आणि पोच म्हणून सही करून मोकळे झाले.

विहाराच्या सभागृहात मृण्मयी नावाच्या तरतरीत मुलीने प्रशिक्षण दिले. एक थर ओला, एक थर पालापाचोळा. देठ, साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, नखे, केससुद्धा चालतात. लिंबा-संत्र्याच्या साली नकोत, त्या आतल्या जिवाणूंना मानवत नाहीत. आनंदराजांनी सगळे लक्ष देऊन ऐकले. प्रशिक्षणाला गेलेला माणूस घरी येऊन दुसऱ्याला प्रशिक्षण देतो, तसे त्यांनीही केले.

चांगुणाबाई मागच्या पायरीवर उन्हात बसून केस विंचरत होत्या. कंगव्यात आलेला गुंता त्या बोटाभोवती गुंडाळायच्या, त्यावर दोनदा थुंकल्यासारखे करायच्या आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवायच्या. फट भरली की केस देऊन भांडीवालीकडून भांडे घ्यायच्या. बोट म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. बिलोलीकडच्या माहेरी, लहानपणी कडबाकुट्टीच्या पात्यात तिचे वरचे पेर गेले होते. आखूड बोटाभोवती गुंता नीट बसतो, असे त्या म्हणत.

"ते ड्रममध्ये टाक," आनंदराज म्हणाले.

"केस? कशापायी?"

"नायट्रोजन असतो."

"माझ्या केसात?"

"सगळ्यांच्याच असतो. तुझं काही वेगळं नाही."

"आमची माय म्हणायची, थुंकल्याबिगर केस असे कुठंबी पडू द्यायचे न्हाई. कोणाच्या हाती लागले तर?"

"कोण उचलून नेणार आहे चांगुणा तुझे केस? अर्धे पिकलेत."

त्या हसल्या. गुंता घेऊन उठल्या, ड्रमचे झाकण उघडले आणि सवयीने ओठ पुढे काढले. आनंदराजांनी हात वर केला. "ते नाही. थू-थू वगैरे नाही करायचं. आपण हे सगळं सोडलेलं आहे."

चांगुणाबाईंनी ओठ मिटले. केस तसेच आत पडले.

त्या दिवसापासून भिंतीतली फट रिकामी राहिली आणि विंचरलेला प्रत्येक गुंता ड्रममध्ये जाऊ लागला. वसाहतीत एक अंधश्रद्धा कमी झाली, याचे आनंदराजांना बरे वाटले.

२

शेजारी उद्धवराव राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजींचा ड्रम संक्रांतीपर्यंत काठोकाठ भरला, त्याला वास सुटला, आणि त्यातून पांढऱ्या अळ्या बाहेर पडून त्यांच्या पत्नी सौदामिनीबाईंच्या तुळशीपर्यंत गेल्या.

"आमच्या हिनं अल्टिमेटम दिलाय," गुरुजी कुंपणावरून म्हणाले. "घरात एक तर ड्रम राहील, नाही तर मी. तुमचा कुठवर आला?"

"आमचा? पाव असेल."

"पाव? अहो, तुम्ही दोघं जेवता का नुसतं वर्तमानपत्र वाचता?"

आनंदराज हसले, पण आत गेल्यावर त्यांनी ड्रम उघडून पाहिला. पाव. पहिल्या पंधरवड्यानंतरही पाव होता. कचरा कुजला की बसतो, आकारमान घटते, हे त्यांना माहीत होते. चांगले खत म्हणजे पोटात जागा ठेवून जेवणारा पाहुणा, अशी उपमाही त्यांना सुचली आणि आवडली. फक्त एक गोष्ट उपमेत बसत नव्हती. खालच्या दारातून अजून खत निघाले नव्हते. दार उघडले की आतला काळा थर दिसे, कोरडा, घट्ट, हात लावला तर कोमट. वरून दोन महिने जे जात होते, त्यातले खाली काही येत नव्हते. आणि वास नव्हता. कुजल्याचाही नाही आणि मातीचाही नाही.

"गुरुजी, वास नाही येत आमच्याला."

"नशीबवान आहात."

अर्धापूरच्या केळीचा घड कुणी आणून दिला होता. सगळा घड एकदम पिकला आणि दोघांना खाववेना, म्हणून सालींबरोबर निम्मी केळीही चांगुणाबाईंनी ड्रममध्ये घातली. दुसऱ्या दिवशी आत एक देठही नव्हते. केळीचे देठ लवकर कुजत नाहीत, हे आनंदराजांना ठाऊक होते. त्यांनी झाकण लावले आणि उंदीर असेल असे ठरवले. भोके बोटाएवढीही नव्हती; पण एखादी गोष्ट ठरवून टाकली की तिची तपासणी सहसा होत नाही, हा त्यांचा कचेरीतला अनुभव होता.

३

उन्हाळा लागला. दुपारी लाइट गेली की कूलर थांबे आणि सगळी गल्ली अशी गप्प होई, की दोन घरांपलीकडच्या माठावरचे झाकणही ऐकू येई. अशाच एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या आनंदराजांना मागच्या अंगणातून आवाज आला. बारीक, कोरडा. ज्वारीची वाळकी भाकर चावताना येतो तसा.

अळ्या, त्यांनी स्वतःला सांगितले. अळ्या खाताना आवाज होतो, असे कुठेतरी वाचले होते. ते पडून ऐकत राहिले. चावणे. थांबणे. पुन्हा चावणे. मग एक घोट.

अळ्या पाणी पीत नाहीत.

ते उठून मागच्या दारात गेले. पत्र्याच्या सावलीत ड्रम उभा होता, झाकण घट्ट. त्यांचे पाऊल पायरीवर पडले तसा आवाज थांबला, आणि तो संपला असे वाटले नाही. तोंडात घास धरून कुणीतरी कानोसा घेत असावे, अशी ती शांतता होती.

स्वयंपाकघरात चांगुणाबाई चटईवर बसल्या होत्या. पुढ्यात ताट; भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. ताटाला बोट लागले नव्हते.

"जेवली नाहीस?"

"जेवले की."

"हे काय मग?"

त्यांनी ताटाकडे पाहिले आणि त्याही जरा चक्रावल्या. "पण पोट भरलंय बघा. गळ्यापर्यंत." आणि खरोखरच तृप्तीचा ढेकर दिला. मग ताट उचलून त्या अंगणात गेल्या, झाकण उघडले, लिंबाची फोड तेवढी वेचून बाजूला ठेवली आणि बाकीचे आत सरकवले.

"त्याला आंबट चालत न्हाई," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"अहो, ड्रमाला. तुम्हीच तर सांगितलं व्हतं."

हे खरे होते. आनंदराजांनी हरकत घेण्यासारखे त्यात काही नव्हते.

पण त्यानंतर त्या रोजच देऊ लागल्या. आधी साली, मग ताजी भाजी, मग वाढलेले ताट. देताना चेहऱ्यावर नैवेद्याचा भाव नव्हता, तसा असता तर आनंदराजांना वादाला तरी जागा होती. शाळेतून आलेल्या लेकराला वाढावे, तितके ते साधे होते. आणि दर वेळी "पोट भरलं" म्हणायच्या. बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापाशी जाऊ लागल्या. पोलक्याला आत टीप घालून झाली, पुन्हा घालून झाली. डॉक्टरांनी रक्त तपासले, लघवी तपासली आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या ड्रममध्ये गेल्या.

"चांगुणा, माझ्यासमोर एक घास खा."

त्यांनी घास तोंडात घातला. बराच वेळ घोळवला. मग ओशाळून तळहातावर काढून ठेवला. "राग नका येऊ देऊ. न्हाई जात. वर जागाच न्हाई हो."

४

कुणीही विचारील, की मग तो ड्रम उचलून नाल्यात का नाही टाकला. गुरुजींनी विचारलेच.

"ओतून द्या, आणि ड्रम त्या सार्वजनिक नळापाशी नेऊन उलटा करा. चार दिवसांत कुणीतरी नेईल."

"सरकारी मालमत्ता आहे, गुरुजी. माझी सही आहे."

"अहो, प्लास्टिकचा ड्रम आहे!"

"सही माझी आहे."

गणितात ज्याला उत्तर नसते अशा उदाहरणाकडे पाहावे, तसे गुरुजी पाहत राहिले. खरे तर आनंदराजांनी एकदा ड्रम कलता करून पाहिला होता. पाव भरलेला ड्रम, दोन माणसांना उचलेल असा. तो जागचा हलला नाही; मात्र आत घरात चांगुणाबाई पोटाला हात लावून एकदम भिंतीला टेकल्या. हे त्यांनी गुरुजींना सांगितले नाही. स्वतःलाही फारसे सांगितले नाही.

त्यांनी अर्ज केला. कक्षात जाऊन, समक्ष, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. टेबलावर व्यंकटी नावाचा तरुण लिपिक होता. त्याने अर्ज वाचून मान वर केली.

"काका, लोक दुसरा ड्रम मागायलेत आणि तुम्ही परत देऊन राहिले?"

"नको आहे."

"बरं. साहेबांपुढं ठेवतो. गाडी पाठवू आम्ही."

गाडी येईपर्यंत चांगुणाबाईंना इथे ठेवण्यात अर्थ नव्हता. लुंबिनी स्वतः येऊन आईला घेऊन गेली. रिक्षात बसताना चांगुणाबाईंनी नवऱ्याचा हात धरला. हात कसला, बांगड्यांत अडकलेली काडी.

"त्याला उपाशी ठेवू नका," त्या म्हणाल्या.

"कोणाला गं आई? बाबांना?" लुंबिनीने विचारले.

चांगुणाबाई तिच्याकडे पाहून हसल्या, आणि रिक्षा निघाली.

५

आनंदराजांनी झाकणावर पाटा उपडा घातला आणि ओला कचरा पिशवीत बांधून घंटागाडीला दिला. हा मोहिमेचा भंग होता, पण त्यांना हलके वाटले. अंगणातला आवाज पहिल्या दुपारी आला, दुसऱ्या दुपारी क्षीण झाला, मग बंद पडला. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि कपाटातले एक पुस्तक काढले.

लुंबिनीचा फोन आला.

"बाबा, आईच्या गळ्याखाली पाणीसुद्धा उतरत नाहीये. दिलं की बाहेर. डॉक्टर म्हणतात घशात काही नाही, पोटात काही नाही. ती एकच विचारत राहते, त्यांनी वाढलं का म्हणून. कोणाला वाढायचंय, बाबा?"

आनंदराजांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला. मग उठले, उरलेली भाकर घेतली, तिच्यावर पिठले घातले, पाटा काढला, तोंड दुसरीकडे वळवून झाकण उचलले, भाकर आत सोडली आणि झाकण लावले. हात चोळून चोळून धुतले.

फोन वाजला. "बाबा! उठून बसली. भाकर मागितली. खाल्ली आत्ता, माझ्यासमोर."

दुसरा कुणी इथेच थांबला असता. पण आनंदराज विवेकी माणूस होते. एकदा घडते तो योगायोग असतो; खात्री करायची तर प्रयोग पुन्हा करावा लागतो, हे त्यांनी अनेक पुस्तकांत वाचले होते. त्यांनी पुन्हा दोन दिवस ड्रम बंद ठेवला. या दोन दिवसांत त्यांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आणि प्रत्येक वाद जिंकला.

दुसऱ्या संध्याकाळी लुंबिनी दवाखान्यातून बोलत होती. आवाज ओळखू येत नव्हता. सलाइन लावले होते, पण शीर सापडत नव्हती. "बाबा, ती जाईल हो. तुम्ही या."

ते गेले नाहीत. धावत अंगणात गेले. घरात होते ते सगळे घातले. भात, भाकर, दूध, गूळ, डब्यातले शेंगदाणे. पत्र्याखाली गुडघे टेकून, ड्रमला हात लावून ते म्हणाले, "जेव. जेव गं."

आपण कोणाला काय म्हणालो, हे त्यांना उठताना कळले.

६

मग नेम सुरू झाला. चांगुणाबाई पुण्यातच राहिल्या, कारण इथे असल्या की स्वतःचे ताट देतात. तिथे असल्या की ताट आनंदराजांचे जाते. साली चालेनाशा झाल्या. नुसत्या साली घातल्या त्या दिवशी पुण्याला चांगुणाबाईंनी दोन घास खाऊन ताट सारले. अर्धी भाकर दिली तर अर्धी गेली. पूर्ण जेवण दिले तर लुंबिनी कौतुकाने सांगे, "बाबा, आईच्या गालावर मांस चढलंय. तुमची आठवण काढते."

पूर्ण ताट दिल्यावर त्यांना स्वतःसाठी वेगळे करून घेता आले असते. एक-दोनदा घेतलेही. घास तोंडात घोळला आणि परत तळहातावर आला. पोट भरलेले होते.

एकदा, गुरुजी कुंपणाशी नाहीत याची खात्री करून, त्यांनी ड्रमवर वाकून थू-थू केले. कसे करायचे ते नीट ठाऊक नव्हते, म्हणून दोनदा केले. काही फरक पडला नाही. मुदत उलटून गेल्यावर केलेल्या सहीचा उपयोग नसतो, हे त्यांना माहीत होते.

झाकण ते नेहमी मान वळवून उघडत. त्या दुपारी मात्र हातातली वाटी जराशी कलंडली, थेंबभर पिठले ड्रमच्या काठावर सांडले, आणि ते पुसताना त्यांची नजर आत गेली.

आतला काळा थर सपाट होता. जमीन तळहाताने सारखी करून वर ताट मांडावे, तसा. कालच्या भाताचे एक शीतही नव्हते. ड्रमच्या आतल्या भिंतीवर वाफेचा ओला थर धरला होता आणि कालचे पिठले तिच्यावरून ओघळलेले असावे; कारण तिथे, खालून वर येत, कुणीतरी ते बोटांनी पुसून घेतल्याच्या रेघा होत्या. ताटातले शेवटचे कालवण निपटून घ्यावे, तशा. शेजारी शेजारी चार.

तीन लांब. एक आखूड.

उघड्या तोंडातून ऊब वर आली. तिला पहिल्यांदाच वास होता. खोबरेल तेलाचा, उन्हात विंचरलेल्या केसांचा.

खिशात फोन वाजत होता. त्यांनी तो कानाला लावला, डोळे रेघांवरून न काढता.

"बाबा," लुंबिनी हसत म्हणाली, "आईचं जेवण झालं बघा. ताट पुसून खाल्लं आज. बोटं चाटतेय."

"आज मी अजून वाढलं नाही," आनंदराज म्हणाले.

"काय?"

हातातली वाटी रिकामी होती. ती त्यांनी ओतली नव्हती.

७

कार्यालये वेळेवर काम करीत नाहीत ही तक्रार या प्रकरणी करता येणार नाही. व्यंकटीने स्वतः फोन केला.

"काका, मंजूर झालं तुमचं. उद्या गाडी येते. ड्रम नेऊन यार्डात धुऊन टाकतो, आतला माल खड्ड्यात."

आनंदराज उन्हातच कक्षात पोचले. पट्टा कमरेवरून घसरत होता. त्याला आतल्या बाजूला खिळ्याने पाडलेले नवे भोकही आता पुरत नव्हते. व्यंकटीने त्यांना पाहून खुर्ची पुढे केली आणि पाणी मागवले.

"काका, आजारी हाव का?"

"माझा अर्ज दाखव जरा."

व्यंकटीने फाइल काढली. आनंदराजांनी चष्मा लावून स्वतःच्याच अक्षरातला अर्ज, दुसऱ्याचा असावा तसा, वरपासून खालपर्यंत वाचला. फाइल कशी पुढे सरकते हे फार थोड्यांना कळते. ती कशी थांबते, हे त्यांना झोपेतही सांगता आले असते.

"यात त्रुटी आहे."

"कसली?"

"ड्रम परत देण्याचं कारण दिलेलं नाही. शासकीय मालमत्ता कारणाशिवाय परत घेता येत नाही. उद्या लेखापरीक्षणात तू अडकशील."

व्यंकटी घाबरला. "साहेबांनी तर सही केली. मग लिहा की काका कारण. एका ओळीत. वास येतो म्हणा."

"वास येत नाही."

"अळ्या?"

"नाहीत."

"मग काय झालंय त्या ड्रमाला?"

आनंदराजांनी पेनचे टोपण काढले. कागदावर टोक टेकवले. बाहेर उन्हात कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली आणि जेवणवेळ झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. घरी अजून वाढायचे होते. त्यांनी टोपण लावले.

"विचार करून लिहितो. तोवर गाडी पाठवू नकोस. माझ्यासमोर तसा शेरा मार."

व्यंकटीने शेरा मारला. आनंदराजांनी तो वाचून पाहिला, एका जागी दुरुस्त करायला लावला, आणि ते घरी गेले.

सद्यःस्थिती : अर्जदाराकडून कारणाची पूर्तता झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.